गाळणं

विहीर क्रमांक सतरा.
नमुन्याची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, असा नियम.
विसळलेलं पाणी मी बांधावर ओतलं,
तर कुसुमावती चौगुले म्हणाल्या,
"बाई, आत वता. आतलं आत."

कृष्णेपासून अर्ध्या कोसावरचं हे रान.
दोन पुरुष काळी, मग चुनखडीचे खडे,
मग मुरूम, त्याखाली मांजऱ्या.
खालच्या कोपऱ्यात ऊस येत नाही.
पांढरी फुली चढलेली,
आणि पाय टाकला की चप्पल मागंच राहते.
सकाळी तिथल्या डबक्यात मीटर बुडवला होता,
आकडा थांबायचं नाव घेईना.

चहाला घरी नेलं त्यांनी.
हंड्याच्या तोंडावर दुहेरी पांढरं कापड.
पाणी गाळून झालं की त्या कापड उलटं करतात,
गाळलेल्याच पाण्यानं वाटीत धुतात,
आणि ते धुवण एका बुटक्या कळशीतून
विहिरीत सोडतात.
वरून नाही ओतत.
कळशी पाण्याला टेकली की मग दोरीला हलका हिसका.
जीव ज्या पाण्यातला, त्या पाण्यात.
मोटर आली, नळ आला,
कळशी राहिली.

"ह्या कापडातनं काय निसटतं का ओ?"

पगार मला ह्याच प्रश्नाचा मिळतो.
म्हटलं, काकू, माती जन्मानं ऋण असते.
"सोसायटीचं?"
नाही हो. अंगावरचा भार ऋण.
म्हणून धन भाराचं जे येईल त्याला ती धरून बसते.
तासगावकडं बागांवर मारलेलं मोरचूद,
त्यातलं तांबं अजून वरच्या वीतभर मातीत आहे.
चुन्याला धरते. मिठातल्या सोडियमला धरते,
आणि त्याला फार धरलं की स्वतःच विस्कटते,
तुमचा खालचा कोपरा बघा, चोपण झालाय.
युरियाचा आधी अमोनियम होतो, त्यालाही धरते.
मग मातीतलेच बारके जीव
आठ-पंधरा दिवसांत त्याचं नायट्रेट करतात.
ते ऋण.
ऋणाला ऋण धरत नाही.
पाटाच्या पाण्याचं बोट धरून ते उतरतं,
काळीतून, चुनखडीतून, मांजऱ्याच्या भेगांतून.
रंग नाही, वास नाही,
जिभेलाही कळत नाही.

काकू कापडाची घडी घालत होत्या.
घातलेली मोडून पुन्हा घातली.
"म्हंजे करणारे जीवच."
हो.
"आणि आमी त्यास्नीच जपतोय."
मी चहाचा शेवटचा घोट घेतला, साखर खाली बसलेली.
"जपाय तर पायजेच," त्या म्हणाल्या,
मला नाही, हंड्याला.

मिरजेत प्रयोगशाळेत रात्रीचे साडेनऊ.
सतरा नंबर: ब्याण्णव. मर्यादा पंचेचाळीस.
पुन्हा लावला. ब्याण्णव.
अठरा नंबर, त्याच शिवारातली, तितकंच खत खाणारी,
पण ओढ्याकाठी, लव्हाळ्यात: सहा.
तिथल्या कुबट चिखलात हवा पोचत नाही.
बिनहवेचे जीव नायट्रेटमधला प्राणवायू तोडून
त्यावर श्वास भागवतात,
उरलेला नत्र वाऱ्यावर सोडून देतात.
करणारे जीव, मोडणारे जीव.
दोघंही काकूंच्या कापडाच्या विणीतून
बिनअडथळा ये-जा करणारे.

फोन केला. नातवाच्या वरच्या दुधाला हे पाणी नको.
"उकळून दिऊ?"
नको, उकळलं की आणखी घट्ट होतं.
पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज.
"मग कुठलं?"
अठराचं, म्हणता म्हणता थांबले.
तिथले जंतू अजून लावायचे होते.
तोवर गावातल्या टाकीचं, म्हटलं,
आणि ते बाळाला मात्र उकळून.
"गाळून?"
हो. गाळून.

तपासून उरलेलं पाणी मोरीत ओतायचं, हाही नियम.
इतर सगळ्या बाटल्या ओतल्या.
सतरा नंबर टेबलावर आहे, बूच घट्ट लावलेली.
त्या गावाला पहिली एसटी सात वीसची.